प्लेट अंपायरचा पोशाख

३ सप्टेंबर, सिंदेवाही
बेसबॉल संघटनेचे सेक्रेटरी भैयाजी यांचा फोन. ऑक्टोबरात चंद्रपूरला शाळकरी मुलींच्या मॅचेस. प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या पाठीशी, अंपायर मी. काम नीट झालं तर स्टेट पॅनलला नाव पाठवतो म्हणाले. पोशाख आणि संरक्षणाचं सामान आपापलं. इतकी वर्षं पीटीचा मास्तर आहे, पहिल्यांदा कुणी नाव काढलं. ठरवलं : कशातच कमी पडायचं नाही.

७ सप्टेंबर
आकाशी शर्ट, राखाडी पँट, काळी टोपी. टेलरने पोटाचं माप पुन्हा पुन्हा घेतलं. त्याची टेप जुनी आहे.

१२ सप्टेंबर
सवय व्हावी म्हणून नवा शर्ट घालून चौकात गेलो. शेजारच्या बापूरावभाऊंनी विजेच्या लाइनमनला विचारावं तसं विचारलं, लाइन कवा येते. मी अंपायर आहे म्हणालो. ते म्हणाले, असान, पन आमची डीपी उडली हाये ना. ऐकून घेतलं. अंपायरला संयम हवा.
घरी गडद निळ्याचा विचार बोलून दाखवला. रश्मी म्हणाली, एटीएमचे वॉचमन दिसान. बायकोचं मत विचारायला नको होतं. आकाशीच ठेवला.

१५ सप्टेंबर
मास्क आला. अंगणात सराव. रश्मीचा भाऊ विक्की चांगला फेकतो. मध्ये खाट उभी केली, मागे मी. रश्मी म्हणाली, तुमी डोये मिटून राह्यले. डोळे मिटले नव्हते. ऊन होतं.

१६ सप्टेंबर
आज आभाळ होतं. मास्कची सळई नेमकी डोळ्यांसमोर येते. दोष मास्कचा. गळ्याचं पॅड मागवलं. गळा सुरक्षित असला की डोळे आपोआप उघडे राहतात.

२६ सप्टेंबर
गळ्याचं पॅड, छातीचं पॅड, नडगीचे गार्ड, लोखंडी नाकाचे बूट. सगळं चढवलं की वाकता येत नाही. वाकलो तर उठता येत नाही. विक्कीने उठवलं. तो म्हणतो, भाऊजी, मी फेकायच्या आधीच तुमी मिटता. म्हणजे निदान बॉल कधी येणार ते मला आधी कळतं.
रश्मी म्हणाली, भैयाजीले नाई म्हनून सांगा, त्या पोरींचं काऊन नुसकान करता. तिला खेळातलं कळत नाही. रात्री जेवण गेलं नाही.

९ ऑक्टोबर, चंद्रपूर
पहिली मॅच. काम तसं सोपं. बॉल ठरलेल्या पट्ट्यातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर नुसता ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, चार ‘बॉल’ झाले की फुकटात पहिल्या बेसवर. ठरवायचं मी.
आलापल्लीची कॅचर मंगली, नववीतली, माझ्या पुढ्यात बसलेली. पहिला बॉल आला, तिच्या ग्लोव्हात. थप. मी विचार करत होतो, आणि डोळे मिटून विचार चांगला होतो. खालून हळूच आवाज आला, बाहेरून गेला सर. मी ‘बॉल’ दिला.
मग ती सांगतच राहिली. पोरगी खरी. स्वतःच्या टीमचं नुकसान होत असलं तरी खरंच सांगते. दुसऱ्या टीमची कॅचर मात्र गप्प. तेव्हा आवाजावरून दिले : घट्ट थप तो स्ट्राइक, ढिला तो ‘बॉल’. मुरलेला अंपायर कानांनीही बघतो. कुणी तक्रार केली नाही.

१० ऑक्टोबर, सकाळी
आज फायनल, आलापल्ली आणि चिमूर. संकल्प : आज डोळे उघडे. आतून एक जादा पॅडही लावलं आहे.

१० ऑक्टोबर, संध्याकाळी
शेवटची इनिंग. स्कोअर सारखा. चिमूरची बॅटिंग, तिन्ही बेस भरलेले, तीन ‘बॉल’ झालेले, दोन स्ट्राइक. आणखी एक ‘बॉल’ दिला की चिमूरला फुकट रन आणि कप. मनाशी म्हणत होतो, उघडे ठेव, उघडे ठेव.
थप.
मंगलीने ग्लोव्हातला बॉल बघितला. मग म्हणाली, बॉल, सर. मी दिला. चिमूर नाचलं. आलापल्लीच्या पोरी मैदानातच बसून रडल्या. भैयाजींनी पाठ थोपटली, काय नजर हाये तुमची, नाव धाडतोच. फार बरं वाटलं.
नडगीचे गार्ड सोडत होतो तेव्हा मंगली आली. म्हणाली, सर, आखरीचा मले दिसलाच नाई. भेव लागलं, डोये मिटले माये. न दिसलेला स्ट्राइक कसा सांगाव, म्हनून बॉल म्हनलं. सगळ्या पोरी मले बोलून राह्यल्या. तुमाले तं दिसला ना सर?
मी म्हणालो, दिसला. खालून गेला.
मंग बरं, म्हणाली, आणि डोळे पुसत पळाली. आपल्या पोरींना ओरडून सांगत होती, सरानं सोता पाह्यला. तिला हाक मारून थांबवावं असं फार वाटलं. फार लाज वाटली. तेवढ्यात भैयाजींनी फोटोला बोलावलं. गेलो.