काकीच्या दारी न गेलेला बेलीफ

आबा, मला तुमचा राग अजून येतो. गेलेल्या माणसाचे दोष पोटात घालावेत म्हणतात. माझं पोट काही एवढं मोठं नाही. तुम्ही होतात तेव्हा उलटून बोलायची टाप नव्हती, म्हणून आता लिहिते आहे.

फैजपूरच्या शिवारातली ती विहीर दोन्ही घरांची. चुलतकाकांनी तिच्यावर इंजिन बसवलं आणि आपली पाण्याची पाळी बंद केली, तेव्हा तुम्ही जळगावच्या कोर्टात दावा लावलात. बरोबर केलंत. आपली केळी त्या पाण्यावर होती आणि आपण त्या केळीवर. पण दावा चालू असतानाच काका गेले. भाऊबंद म्हणून तुम्ही सुतक पाळलं, डोकं भादरलं, आणि त्याच बोडक्या डोक्याने वकिलाला भेटून आलात. ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. मी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळते आहे, आई चुलीपाशी आहे, आणि तुम्ही पाटावर बसून सांगता आहात, की काकांच्या जागी काकीचं आणि पोरांचं नाव तीन महिन्यांच्या आत लावायला हवं, नाहीतर दावा गेला. नाव लावलं की काकीच्या दारी बेलीफ नोटीस घेऊन जाणार.

"मग लावा ना," आई म्हणते.

"त्याच्यासाठी डोकं भादरलं मी. आता त्याच्याच बायकोले कोर्टात वढू? वरीस सरू दे."

"आन् तोवरी केळी काय तोंड शिवून बसतील?"

तुम्ही जेवत राहिलात. दुःखाच्या घरी वर्षभर भांडण न्यायचं नाही, ही आपली रीत. कोर्टाला कुठली आली रीत! मुदत टळली. पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलाने उठून तेवढंच सांगितलं आणि दावा निकालात निघाला. पाणी कुणाच्या हक्काचं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. काकीचा कारभार तिचा भाऊ बघायचा, त्याने थेंबभर पाणी सोडलं नाही. पानं करपली, घड पोसलेच नाहीत. आई दुसऱ्यांच्या बागेत रोजाने जाऊ लागली. वर्षश्राद्धाला तुम्ही काकीकडे जेवायला गेलात. पाण्याचा विषय काढला का, असं आईने विचारलं, तर म्हणालात, "आजच्या दिवशी कसा काढू?" धन्य तुमची! तुमचा मान राहिला आबा, पण तो आईच्या पाठीवर राहिला. ती पाठ पुढे सरळ झालीच नाही.

तुमच्यामागून आई गेली, त्या दिवशी काकी सगळ्यांच्या आधी आली. थकली होती, काठी टेकत आली. मी तिला बसायलाही सांगितलं नाही. तिने स्वतःच पाणी तापवलं, आईला आंघोळ घातली, ती वाकलेली पाठ हलक्या हाताने पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुह्या बापानं माह्या दारी बेलीफ येऊ दिला नाही. माह्या सख्ख्या भावानं मले इतकं जपलं नाही."

पुढचं कुणासमोर बोलले नाही, तुम्हालाही हे धाडायची सोय नाही, म्हणून लिहून टाकते. आई समोर तशी निजलेली होती, आणि ते ऐकून मला घटकाभर तुमचा अभिमान वाटला.