ड्युएटसाठी पाच श्रोते

३ नोव्हेंबर, रविवार
कराओके ग्रुपचा कार्यक्रम २४ला. मला ड्युएट मिळालं! जुनं सुपरहिट. तो म्हणतो शक करू नको, ती म्हणते आधी शपथ घे. सोबत गोपिका मॅडम. गाणं माझ्या स्वभावाला शोभतं. बावीस वर्षांच्या संसारात मी मयुरावर कधी शक केला नाही. तिला मात्र ड्युएटचं सांगायचं नाही. उगाच शक घेईल. ऑफिसात ऑडिट आहे असं सांगून टाकलं.

७ नोव्हेंबर
प्रॅक्टिस. अंतऱ्यात काहून पळून राहिले भाऊ, असं ग्रुपप्रमुख रामाजी म्हणाले. ट्रॅकच स्लो आहे. ग्रुपचा नियम: प्रत्येक गायकानं पाच श्रोते आणायचे, नाहीतर गाणं कट. बाकीचे घरचे आणतात. माझी पंचाईत.

१२ नोव्हेंबर, रात्री ८.३०
प्रॅक्टिसहून लवकर आलो. घराला कुलूप. मयुरा आठला उगवली. गुडघा खरचटलेला. शेजारच्या रोशनीकडे गेली होती म्हणे. रोशनीकडे गुडघा खरचटतो? शक नाही. फक्त नोंद.

१४ नोव्हेंबर
पुन्हा कुलूप. विचारलं, तर तुमचं ऑडिट काय म्हणून राहिलं, असं तिनंच विचारलं. विषय बदलला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
नवं तंत्र. मोबाइलवर मयुराच्या चॅटमध्ये जाऊन लाइव्ह लोकेशन दाबलं. आठ तास. आता ती कुठे जाते ते दिसेल. याला शक नाही, काळजी म्हणतात.
संध्या. ७.१०: ठिपका थेट आमच्या प्रॅक्टिस हॉलवर! म्हणजे बाई माझा पाठलाग करून राहिली! खाली जाऊन पाहिलं. कोणी नाही. परत येईपर्यंत माझा अंतरा गोपिका मॅडमनी गाऊन टाकलेला. नवऱ्यावर इतका अविश्वास! मन खट्टू झालं.

२३ नोव्हेंबर
श्रोते: शून्य. रामाजींना म्हटलं, येतील. आवाज एकदम तयार.

२४ नोव्हेंबर, रविवार, संध्या. ६.३०
दुपारी चारला माझं नाव पुकारलं. माझ्या श्रोत्यांसाठी ठेवलेल्या पाचही खुर्च्या भरलेल्या. रोशनी, तिच्या घरचे तिघं आणि मधोमध मयुरा. शक करू नको, एवढं गायलो आणि पुढचे शब्दच गेले. उरलेलं मॅडमनी एकट्यानं निभावलं.
बाहेर मयुरा म्हणाली, मले तर पहिल्याच आठवड्यात समजलं होतं, बाथरूममध्ये रोज तेच गात होते. मंगळवारी तर तुम्हीच मोबाइलवर तुमचं लोकेशन पाठवलं, हॉलचा पत्ताच मिळाला. तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहून राहिली होती. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.
तिचं प्रकरण एवढंच: रोशनीकडून स्कूटर शिकत होती. तुले जमणार नाही, असं मीच म्हणायचो म्हणे. तिनं स्कूटरची चाबी घेतली आणि मागे बसा म्हणाली. बसलो. सक्करदरा चौकापर्यंत चारदा ब्रेक, ब्रेक ओरडलो. पाचव्यांदा तिनं ब्रेक मारला आणि मला उतरवलं.
चालत घरी पोचलो. उद्यापासून मयुरावर पूर्ण विश्वास. ऑफिसला मात्र बसनं जाईन.