सव्वा मूठ नेट

सावदा,
८ जुलै २०२५

ती. अक्कास लीलाधरचा सा. न. वि. वि.

काल फोनवर मी तोंड उघडतो न उघडतो तोच तू म्हणालीस, की मी स्पीकर लावतो आणि ओट्यावर बसलेले बठ्ठे जण ऐकतात, तेव्हा काय सांगायचं ते पत्रात लिही. आणि फोन ठेवून दिलास. साठी ओलांडलेल्या भावाला शाळेतल्यासारखं पत्र लिहायला बसवलंस. बसलो आहे.

इकडे सर्व क्षेम. केळीची कापणी सुरू आहे. लताने तुझ्यासाठी लोणच्याची बरणी बांधून ठेवली आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या भाच्याने, हितेंद्रने, दिवाळीत घरातले सगळे मोबाईल एका प्लॅनखाली आणले, हे तुला माहीत आहे. मुख्य नंबर त्याचा, बाकीचे त्याला जोडलेले. नेट सगळ्यांचं मिळून एकच, कोणी किती वापरायचं ते त्याने तोंडी ठरवून दिलेलं, आणि कोणाच्या नंबरावर किती उडालं ते त्याला बसल्या जागी दिसतं. ज्याने त्याने वेगळं रिचार्ज मारण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं. परवा मी बागेत उभा राहून दिल्लीच्या व्यापाऱ्याला व्हिडिओवर माल दाखवत होतो. चांगले घड दाखवून झाले, पुढच्या ओळीकडे वळलो आणि चित्र अडकलं. घराचं नेट संपलं होतं. त्याला वाटलं मी डागी माल लपवतोय. त्याने शेजारच्या चुडामणची बाग घेतली.

हितेंद्रने पाहिलं तर निम्म्याहून जास्त नेट एकट्या भाविकाच्या नंबरावर गेलेलं. दुपारी, संध्याकाळी, पहाटेसुद्धा. तुझ्याकडे शिकायला ठेवलेली माझी लेक पहाटे कोणाशी बोलते? मी बाप आहे, मी जो अर्थ लावायचा तो लावला. तिच्या नंबराचं नेट हितेंद्रने बंद केलं आहे. २७ तारखेच्या रविवारी जीप घेऊन येतो आणि तिला घरी आणतो. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष बाहेरून देता आलं तर देईल, नाहीतर राहील. दिवाळीनंतर स्थळं बघायला घेऊ. तिला अजून काही सांगू नकोस.

तुझ्यावर माझा राग नाही. तुझाही माझ्यावर नसावा.

तुझा,
लीलाधर


देवपूर, धुळे,
१२ जुलै २०२५

चि. लीलाधरास अनेक आशीर्वाद. नेहमीपेक्षा थोडे कमी.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून तसंच, घडातल्या केळ्यांसारखं एकाला एक चिकटलेलं. तरी सगळं लागलं.

आता माझं पत्र ओट्यावर मोठ्याने वाच, माझी हरकत नाही. ते नेट मी उडवलं.

तुझ्या नातवाने, तेजसने, काच तडकवलेला टॅब तुम्ही मला दिला होता, आठवतं? भाविका कॉलेजातून आली की तिचा फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉट लावते, म्हणजे तिचं नेट माझ्या टॅबवर येतं. त्यावर मी बंदर बघते. कुठल्याशा थंड देशातलं बंदर आहे. तिथे कोणीतरी खांबावर कॅमेरा लावून ठेवलाय, तो कधीच बंद होत नाही. जहाजं येतात, जहाजं जातात. मी डाळ निवडते, मेथी खुडते, ते आपलं चालू असतं. पहाटे जाग आली की आधी बंदर लावते आणि मग चहा ठेवते. पहाटेचा तुझा अर्थ तो एवढा.

त्याचा उपयोग काय, असं हितेंद्र विचारील. काही उपयोग नाही. मी तापी पाहिली, पांझरा पाहिली, समुद्र पाहिला नाही. तो मला बघावासा वाटतो. तुम्ही बापलेक रोज क्रिकेट बघता तेव्हा मी कधी उपयोग विचारला नाही.

हॉटस्पॉट का लागला, तेही ऐक. प्लॅन केलात तेव्हा मला घेतलं नाहीत, कारण मी दिलेली लेक. भाविकाला घेतलंत तर तिला सगळ्यांत लहान हिस्सा, आणि आठ वर्षांच्या तेजसला तिच्या दुप्पट. हे माप मी ओळखते. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे, रोटाचे गहू काढताना आई घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची, पाळण्यातल्या पोराच्या नावानेही. मी सूप धरून उभी असायचे, माझ्या नावाची मूठ नसायची. हितेंद्रने नेट तसंच मापलं. आपण रोट मापतोय हे त्याला कळलंही नसेल.

स्वस्त पडतं म्हणतोस. वेगळं रिचार्ज महाग असेल, पण त्यात पहाटे कोण जागं आहे हे बघत कोणी बसत नाही. तुमची बचत भाविकाच्या शिक्षणातून कापून निघणार असेल, तर हा सौदा तुला परवडत नाही, आणि केळीच्या व्यवहारात आयुष्य गेलेल्या माणसाला हे मी सांगायला नको.

तिला सांगू नकोस म्हणालास. मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. ती दोन दिवस नीट जेवली नाही. तुम्ही तिला एक शब्द विचारला असतात तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. नेट बंद झाल्यापासून अभ्यासाचे व्हिडिओ बघायला ती मैत्रिणीकडे जाते.

रविवारी न्यायला येऊ नकोस. मी तिला पाठवणार नाही.

व्यापारी गेला याचं वाईट वाटलं, ते मात्र खरं. लताला आणि सूनबाई ज्योत्स्नाला आशीर्वाद.

तुझी,
बेबाअक्का


सावदा,
१७ जुलै २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र घरात वाचलं. एकदा रागाने वाचलं, मग लता म्हणाली म्हणून पुन्हा सावकाश वाचलं.

खरं सांगू, माझा विश्वास बसला नाही. लहानपणापासून तू दुसऱ्याचं अंगावर घेतेस. विहिरीत घागर मी पाडली होती आणि मार तू खाल्लास. आता भाविकासाठी जहाजं काढलीस. अगं, तू एसटीतसुद्धा खिडकीबाहेर बघत नाहीस, सावद्यापासून धुळ्यापर्यंत डोळे मिटून बसतेस.

रोटाचं मध्ये आणायला नको होतंस. देवीचं देवीपाशी. तेजसच्या शाळेचे धडे टॅबवर असतात, म्हणून त्याला जास्त. हितेंद्रला तुझं बोलणं लागलं. तरी मोठ्या मनाने म्हणतो, की आत्यालाही प्लॅनमध्ये जोडून घेऊ, थोडं नेट देऊ, फक्त ते बंदर बंद करायचं. मला हे योग्य वाटतं. घर एक, तर प्लॅन एक. वडिलांनी जमीन वाटू दिली नाही म्हणून आज बाग उभी आहे, हे तू विसरलीस काय?

३ ऑगस्टला कानबाई बसणार. त्याआधी लेक घरात हवी. रविवारी सकाळी निघतो. तिचं सामान बांधून ठेव.

भांडलो तरी भाऊच आहे, एवढं धरून ठेव.

तुझा,
लीलाधर


देवपूर, धुळे,
२१ जुलै २०२५

चि. लीलाधरास आशीर्वाद.

हितेंद्रला सांग, त्याचं मोठं मन पोचलं. थोडं नेट त्याच्याकडेच राहू दे.

शनिवारी मी आणि भाविका बाजारात मोबाईलच्या दुकानात गेलो. मला घराचा प्लॅन पाहिजे म्हटलं. दुकानदार भला माणूस, पण मुख्य नंबर कोणाच्या नावावर, मुलाच्या की मिस्टरांच्या, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मिस्टर वारले, मुलगा नाही, आणि दोघं असते तरी माझ्याच नावावर. मग तो अंगठ्याचं यंत्र घेऊन आला आणि मी अंगठा लावला. बिल माझ्या पेन्शनीतून जाईल. महाग आहे. एक वेळचं दूध कमी केलं आहे, आणि त्याचं दुःख नाही.

भाविकाचा जुना नंबर हितेंद्रच्या नावावर, म्हणजे इकडे आणायचा तर त्याचा होकार हवा. तो मागायला मी येणार नाही आणि तीही येणार नाही. तिने सिम काढलं. या कागदाला चिकटपट्टीने लावलं आहे, जपून सोडव आणि त्याला दे. नवा नंबर तिच्या स्वतःच्या नावाने आहे, माझ्या प्लॅनमध्ये. किती वापरायचं ते तिचं ती बघेल. तिच्या फोनमधलं मला काही दिसतं का, असं मी विचारलं. दुकानदार म्हणाला, कोणाचं किती गेलं एवढं दिसेल. मी म्हटलं, तेही मला शिकवू नका. तुला नंबर हवा असेल तर तिला पत्र लिहून माग. ती देईल, तुझी लेक आहे.

या प्लॅनमध्ये अजून दोन जागा आहेत. त्यांचं काय करू, असं तो विचारत होता. मी म्हटलं, राहू द्या.

वडिलांचं म्हणशील तर मी विसरले नाही. जमीन वाटली नाही तेव्हा माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, आणि मी ती हसत केली होती. घर एक राहावं म्हणून जे द्यायचं ते मी देऊन चुकले आहे. भाविकाने पुन्हा द्यायचं नाही.

रविवारी ये. पातोड्यांचा रस्सा करते, पोटभर जेव. विश्वास नसेल तर माझ्या शेजारी बस आणि बंदर बघ. जीप मात्र रिकामी परत जाईल, हे डिझेल भरण्याआधी सांगून ठेवते.

माया कमी झालेली नाही. धाक संपला आहे.

तुझी,
बेबाअक्का


सावदा,
५ ऑगस्ट २०२५

ती. अक्कांस लताचा सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं ह्यांच्या पत्रात शेवटी लताचा नमस्कार असायचा, तेवढ्यावर भागलं. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

हे त्या रविवारी रिकामी जीप घेऊन परत आले. जेवताना आपणहून म्हणाले, की अक्का खरंच जहाजं बघते, आणि एक मोठं जहाज धक्क्याला लागेपर्यंत मलाही उठू दिलं नाही. नंतर म्हणाले, भाविका समोर बसून होती, पण माझ्याशी बोलली नाही. त्यांचा घास तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरा कागद मागितला. ते पत्र तिला मिळालं असेल. काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण स्थळांचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही.

आता दुसरं. कानबाईचे गहू काढायला मी बसले होते. ज्योत्स्नाने सूप धरलं होतं. सव्वा मूठ ह्यांची घेतली, हितेंद्रची घेतली, तेजसची घेतली. तिथे थांबायचं असतं. पण सूप धरलेल्या ज्योत्स्नाचे हात बघितले आणि तुमचं पत्र आठवलं. मग मी भाविकाची घेतली. तुमची घेतली. ज्योत्स्नाची घेतली. शेवटी माझी घेतली.

हे दारात उभे होते. असं करत नाहीत, म्हणाले. मी म्हटलं, देवी बाईच आहे, ती विचारायला आली तर तिला मी उत्तर देईन. भाऊबंदांतल्या जीवरामकाकांना कळलं, ते येऊन बरंच बोलले. तोवर गहू दळून आले होते, आणि पीठ झाल्यावर कोणाची मूठ कुठली ते निवडता येत नाही. रविवारी देवी बसली, काल वाजतगाजत बोळवली. सगळ्यांनी तोच रोट खाल्ला, काकांनीही.

रोट घराबाहेर पाठवत नाहीत, म्हणून तुम्हालाच यावं लागेल. रोट पौर्णिमेपर्यंत संपवायचा असतो, त्याच्या आत या. भाविकाला घेऊन या. तिला इथे कोणी अडवणार नाही, मी उंबऱ्यात बसेन.

आणि परत जाताना मी आणि ज्योत्स्ना तुमच्याबरोबर धुळ्याला येतो. तुमच्या प्लॅनमध्ये दोन जागा आहेत, हे वाक्य वाचताना ह्यांनी घाई केली, पण मी ऐकलं. अंगठा तिथे येऊन द्यावा लागतो, हेही तुमच्याच पत्रातून समजलं. आमची दोन्ही सिमं काढून हितेंद्रच्या उशाशी ठेवली आहेत. तो सकाळपासून विचारतोय, की आई, तुला एवढं नेट कशाला लागतं.

मला काय बघायचं ते अजून ठरलेलं नाही. ठरलं तरी त्याला सांगणार नाही.

लोभ आहेच. जागा तेवढी धरून ठेवा.

तुमची,
लता