मंगळावरचं बंद दार

परभणी,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सिताराम यास,
बन्सीधरचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुला फोन करून उपयोग नाही. मागच्या खेपेला मी तब्येत विचारली आणि तू तुरीचं सांगत बसलास. म्हणून पत्र.

दत्ता सकाळी ऑफिसला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतो. सून शाळेत शिकवते, तीही त्याच्याबरोबरच निघते. मग दिवसभर मी तिसऱ्या मजल्यावर कोंडलेला. पोटच्या पोरानं कोंडलेला. का म्हणून विचारलं तर तो म्हणतो, तुमच्या बऱ्यासाठीच आहे, नाना. कसलं बरं, ते सांगत नाही. माझे पाय शाबूत आहेत, डोळे शाबूत आहेत. जन्मभर पोरांना वर्गात कोंडलं त्याचं हे फळ, असं तू म्हणशील. म्हण.

सुनेनं टीव्हीवर एक फ्रेंच मालिका लावून दिली आहे. बोलणं फ्रेंच, खाली हिंदी अक्षरं. माणसं मंगळावर उतरतात. तिथं आधी गेलेल्या यानाची एक खोली सापडते. दार बंद, आणि आत एक बाई जिवंत. बाहेरून ठोकलं की ती आतून ठोकते. दार कुणी लावलं, हे रहस्य. कप्तान ते उघडू देत नाही. बंद आहे म्हणजे काही कारण असेल, म्हणतो. मला तो माणूस सहन होत नाही. त्याचा चेहरा दत्तासारखा दिसायला लागलाय.

दत्ता चौथीत तुझ्या हाताखाली होता. तुझं ऐकतो. कुलूप काढ म्हणून त्याला लिही. हे पत्र मी दोरीच्या पिशवीतून खाली भाजीवालीकडं सोडतोय, ती पेटीत टाकील. मालनवहिनींना नमस्कार.

लोभ आहेच, तो इथवर पोचता ठेव.

तुझा,
बन्सीधर

•

बोरी,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय बन्सीस,
सितारामचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. वाचून जीव तुटला.

तुझी मालिका नात सुकेशनीच्या मोबाइलवर बघायलोय. बहिऱ्याला हे लय सोयीचं. सगळं खाली लिहून येतं, कुणाला काय म्हणाला म्हणून विचारावं लागत नाही. ती म्हणते, आजोबा, हे लोक तुमच्यासारखंच नाकातून बोलायलेत. तिला काय ऐकू येतं कोण जाणे. तुझा कप्तान मला आपल्या हेडमास्तरासारखा वाटला. वरून हुकूम आल्याशिवाय खडूचा डबासुद्धा उघडायचा नाही. पण बन्सी, चौघं जण आत जाऊ म्हणतात आणि त्या बाईला बाहेर यायचं आहे का, हे एकानंही विचारलं नाही. ते मला खटकलं.

मालनला नमस्कार लिहिलास. तिला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. खांदा द्यायला तू होतास. सवयीनं लिहून गेला असशील.

दत्ताला मी कडक लिहिलं आहे. बापाला कोंडणाऱ्या पोराला मी शिकवलं याची लाज वाटते, असंही लिहिलं. आता कुलूप राहायचं नाही.

जीव लावून आहेस, तसाच राहा.

तुझा,
सिताराम

•

परभणी,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. सितारामगुरुजी यांस,
दत्ताचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आपलं पत्र मिळालं त्याच दिवशी कुलूप काढलं. काही दिवस नाना घरातच राहिले. मला वाटलं, गुरुजींचंच बरोबर होतं.

परवा दुपारी ते निघून गेले. पोखर्णीकडं जाणाऱ्या रुळांमधून अनवाणी चालले होते. घंटा व्हायच्या आत शाळेत पोचायचं होतं म्हणे. मागून गाडी येत होती. रेल्वेच्या गँगमननं दंडाला धरून त्यांना बाजूला ओढलं. घरी आणलं तेव्हा नाना हसत होते. कुठं गेलो होतो, हे त्यांना सांगता आलं नाही.

गुरुजी, ते कुलूप मी आणलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात नाना जुनी शाळा बघायला पोखर्णीला गेले आणि परतीची वाट विसरले. ज्या गावात नानांनी आणि आपण मिळून नोकरी काढली, त्या गावात. डॉक्टरांनी आजार सांगितला. दुसऱ्या दिवशी नाना स्वतः बाजारात गेले, कुलूप घेऊन आले, किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "पुढं मी रडीन, शिव्या देईन, कुलूप काढ म्हणीन. तवा माझं ऐकू नको. आज शुद्धीत सांगायलोय, तेवढंच धर."

हे सगळं ते विसरले आहेत. एकदा सांगून बघितलं. खोटं बोलायलास, बापाच्या तोंडी घालायलास, म्हणाले. तेव्हापासून सांगत नाही. संध्याकाळी दार उघडलं की ते माझ्याकडं जेलच्या शिपायाकडं बघावं तसं बघतात.

दिवसा सोबतीला बाई ठेवून पाहिली. दोघी टिकल्या नाहीत. नाना त्यांना वर्गाबाहेर उभं करायचे. आता कुलूप परत लावलं आहे. दुसरी किल्ली शेजाऱ्यांकडं असते, ते मधून मधून डोकावतात. आपण सांगाल तसं करीन. फक्त लाजेचं ते वाक्य परत घ्यावं, एवढी विनंती.

आशीर्वाद असू द्यावा. त्याची गरज आहे.

आपला,
दत्ता

•

परभणी,
३ मार्च २०२५

प्रिय सिताराम यास,
बन्सीधरचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुला फोन करून उपयोग नाही, म्हणून पत्र.

दत्ता बाहेरून कुलूप लावून जातो. कित्येक दिवसांत मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आणि तळपायांना फोड आलेत. चालणं नाही तरी फोड, हे नवलच.

सुनेनं टीव्हीवर एक फ्रेंच मालिका लावून दिली. काल पहिला भाग पाहिला. मंगळावर एक बंद खोली सापडते. आत कुणी तरी आहे. तू बघ, तुला आवडेल.

दुपारी मी दारावर आतून ठोकतो. जिन्यात पावलं थांबतात आणि पुढं जातात. सिताराम, मी काय केलं, एवढं तरी कुणी सांगावं. दत्ता तुझं ऐकतो. त्याला एक पत्र लिही. मालनवहिनींना नमस्कार.

विसरू नको, एवढाच लोभ पुरे.

तुझा,
बन्सीधर

•

बोरी,
१० मार्च २०२५

प्रिय बन्सीस,
सितारामचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. तुझा नमस्कार मालनला सांगितला. फोडांना खोबरेल लाव.

मालिका मी शेवटपर्यंत पाहिली. दार कुणी लावलं ते त्या लोकांनी सांगितलंच नाही. सुकेशनी म्हणते, पुढच्या वर्षी सांगतील. मी म्हटलं, आम्हाला कुठं एवढी सवड. तरी तुझ्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून बघीन. दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं येणार आहे. मला आत घे आणि मग खुशाल बाहेरून लाव, असं दत्ताला कळवलं आहे. त्याला आणखीही एक ओळ लिहायची होती, ती लिहिली.

आता कुलपाचं. तू काय केलंस, असं विचारतोस. काही केलं नाहीस. ते कुलूप मी लावायला सांगितलं. दत्ता नको म्हणत होता. मी त्याचा गुरुजी, मी हुकूम केला, त्यानं मानला. का सांगितलं ते विचारू नको. मी सांगणार नाही. रोज संध्याकाळी तो दार उघडतो, तेव्हा माझा हुकूम मोडून उघडतो असं समज. राग येईल तो मला लिही. एका पत्रात मावला नाही तर दोन लिही, आणि पुन्हा विचारलंस तर मी पुन्हा हेच लिहीन.

माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल. दत्तावरचा कमी करू नको.

तुझा,
सिताराम