गादीची राखण

भिंगरी,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. बर्फाची पिशवी फ्रीजच्या वरच्या खणात आहे, ती फडक्यात गुंडाळून गुडघ्यावर धर.

मी तुझ्या कोचकडे जातोय. हंगाम संपलाय, महिनाभर सायकलला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावूनही तू चढावर सायकल नेऊन गुडघा दुखावून घेतलास, म्हणून ते तुला संघातून काढायला निघालेत. काल फोनवर तू माझं नाव न घेता सगळं ऐकून घेतलंस आणि मी शेजारी बसून गार झालेला चहा ढवळत राहिलो. खरं कारण मला ठाऊक होतं. रविवारी पाहुण्यांसमोर मीच म्हणालो होतो, "आमची भिंगरी हल्ली दिवसभर गादीची राखण करते." सगळे हसले, तूही हसलीस. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुझी सायकल जिना उतरताना मला ऐकू आली, आणि मी कूस बदलली.

आमच्या हमालीत दिवसा आडवा झालेला माणूस सहसा पुन्हा कामावर दिसायचा नाही. तुला तसं पडलेलं पाहून मी घाबरलो आणि तोंडातून मात्र टोमणा निघाला. हे समोर बसून सांगायला हवं होतं. पण या तोंडाचा आता भरवसा वाटत नाही, म्हणून तू शिकवलेल्या अक्षरांत लिहितोय.

सायकलचं पुढचं चाक काढून सोबत नेतोय. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. मी पुन्हा काही बोललो, तर तुला निघता येऊ नये म्हणून.

आबा