मोठं धर, लहान सोड

बाबा, आज मंगळवार, १४ मे. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मी तासाभरापूर्वी बोडीच्या चिखलातून बाहेर येऊन पाय धुतले आणि पाळीच्या बांधावर वही घेऊन बसलो. तळ्याचं पाणी आटलं आहे, मधोमध अंगणाएवढं डबकं उरलं आहे. कासवांची मोजणी करायला बालाघाटहून एक मॅडम आल्या आहेत. त्यांच्याकडे मी रोजीनं आहे आणि अक्षर स्वच्छ म्हणून नोंदीची वहीही माझ्याचकडे आहे. आठ दिवस तुमच्या सळईनं गाळ टोचतो आहे. एकही कासव लागलेलं नाही.

टोचतो तुम्ही शिकवलं तसंच. वीतभर अंतरानं, सरळ ओळीत, एक जागा दोनदा नाही. दगडावर सळई झिणझिणते, मुळात रुतते, कासवाच्या पाठीवर लागली की कोरडा टक असा आवाज येतो. तो आवाज मला पहिल्यांदा आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तळहाताएवढं पिल्लू होतं. मी ते पोत्यात टाकलं आणि तुम्ही चारचौघांत माझ्या पाठीत धपाटा घातला. "लेकरू काहून उचललं बे? त्याले वाढू दे. मोठं धर, लहान सोड." मी रडत ते परत गाळात ठेवलं. परगावचे लोक सगळंच ओरबाडतात, आपण नाही, असं तुम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगायचात. हळूहळू सारा गाव तसंच करू लागला.

त्याच संध्याकाळी आई चुलीजवळ मोठं कासव साफ करते आहे. पोटातून पिवळी अंडी निघतात. मी मोजतो, चौदा भरतात. धपाट्याची भरपाई म्हणून तुम्ही ती सगळी माझ्या ताटात वाढायला लावता. "खा, मास्तर. तुह्यासाठीच होती."

काल मी मॅडमना आपली रीत सांगितली. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "भैया, बड़ी वाली ही तो माँ होती है।" मादी वाढायला कित्येक वर्षं लागतात. पिल्लं बगळे, मुंगूस, कोल्हे खातात, फार थोडी टिकतात. म्हणून अंडी घालणारी मोठी मादी राहिली तरच कासवं राहतात. लहान सोडायचा मासोळीचा हिशोब कासवाला चालत नाही. मी वहीत लिहून घेतलं. बाबा, आपण दरवर्षी आया वेचून काढल्या आणि लेकरं सोडल्याचं पुण्य मानलं.

वहीत एकच रकाना कोरा होता. पूर्वी कोण धरत असे, कसे. मॅडम उद्या सकाळी वही नेणार आहेत. मघाशी काका शेजारी येऊन बसला.

"काय बे सरकारी कासववाल्या, भेटलं का?"

"नाही."

"तुह्या बापाच्या सळईले भेटत नाही मंजे नाहीच मंग." त्यानं वहीत डोकावलं. "लिहून टाक, बाहेरचे लोक."

"मंग कासव धरू नका अशी मॅडमची पाटी बाहेरच्यांसाठीच लागंल. अन् आपले पोट्टे खालच्या बोडीतून मोठीच काढत राहतील. तिथं अजून थोडी आहेत, काका."

"तुह्या बापानं जिंदगीभर लहान सोडली. त्याले तू कागदावर कसाई करशील?"

मी वही मांडीवर ओढली. मग लिहिलं, 'गावचेच लोक धरत. मोठी धरत, लहान सोडत.' आणि धरणाऱ्याच्या नावाच्या जागी तुमचं नाही, स्वतःचं नाव घातलं. काकानं अक्षराला अक्षर लावून वाचलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हौ. लेक असावा तं असा," म्हणाला.

हे तुम्हाला मी वहीच्या मागच्या पानावर लिहितो आहे. वही देण्याआधी पान फाडून घेईन. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. नंतरच्या पाच उन्हाळ्यांत गाळात मीच उतरत होतो, एकटा, घरी न सांगता. या बोडीतलं शेवटचं मोठं कासव तुम्ही नाही, मी काढलं. परातीएवढं होतं. कटंगीच्या बाजाराच्या दिवशी एका ओळखीच्याला दिलं.

काकाला हे सांगितलं नाही. त्याचा हात मी डोक्यावर तसाच राहू दिला.