पदरातले तांदूळ

मंगळवार, संध्याकाळ. लोणंद.

सिनेमाचं इथलं शूटिंग संपलं. माझी दोन वाक्यं शेवटी दुसऱ्या मुलीला दिली. नायिकेला म्हणे माझ्याशेजारी उभं राहायला अवघडतं. मी मुलगा म्हणून जन्मले, हे अजून किती दिवस धरून बसणार ही माणसं? पहिल्या दिवशी मॅनेजर मला कपडे बदलायला पुरुषांच्या खोलीत पाठवत होता. तेव्हा, ज्यांच्या घरात शूटिंग होतं त्या काकूच मधे पडल्या. "ती माज्या खोलीत बदलंल. घर माजं हाय."

पण लिहायचंय ते वेगळंच. आज निघताना काकूंनी सगळ्या बायकांच्या ओट्या भरल्या. मी आपली गाडीत जाऊन बसले होते. "आगं, तू कुटं चाललीस?" म्हणत त्यांनी मला खाली उतरवलं, पाटावर बसवून कुंकू लावलं. मी दोन्ही हात पुढं केले, प्रसादाला करतात तसे.

"हातात न्हाई गं, पदरात घ्यायची असती! आईनं शिकवलं न्हाई व्हय?"

कशी शिकवणार? कवठे महांकाळला आमच्या घरी ओट्या भरायच्या वेळी मला पोरांबरोबर बाहेर पिटाळत. मी घाईनं पदर पसरला, तर तांदूळ सांडले.

"धड धर की!" त्यांनी पुन्हा ओंजळ घातली, तांदूळ पुन्हा सांडले, आणि काकू पुन्हा ओरडल्या.

ती दोन वाक्यं सलतायत, नाही कशाला म्हणू? पण तांदूळ अजून पदराच्या गाठीतच आहेत, सोडवत नाहीत. लोक मला टाळतात, नाहीतर फार जपून बोलतात. लेकीवर खेकसावं तसं आज पहिल्यांदाच कुणी खेकसलं.

काकू, खरं सांगू? दुसऱ्यांदा सांडले ना, तेव्हा पदर मी मुद्दाम ढिला सोडला होता.